पूर्वतपासणी आणि पश्चात्तपासणी

मनुष्यजातीत दोन तट पडावयास फार मोठे कारण लागते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी सोलापुरास येऊन चार दिवस राहावे. म्हणजे शेंगाचटणी उखळात कुटावी की यंत्रावर दळावी, कडक भाकरी दुधात कुस्करावी की आमटीत, आणि शहराचे वैभव गिरण्यांबरोबर गेले की यंत्रमागांबरोबर परत आले, अशा एकेका प्रश्नावर मध्यरात्र उलटेपर्यंत चाललेले वाद त्यांना विनामूल्य ऐकावयास मिळतील, आणि त्या वादांत मराठी, कानडी व तेलुगू या तिन्ही भाषा सारख्याच हिरिरीने राबत असल्यामुळे एका भाषेत निरुत्तर झालेला गृहस्थ दुसऱ्या भाषेत अपील दाखल करतो आणि तिसरीत तहकुबी मागतो, हेही त्यांच्या ध्यानात येईल.

या वादांच्या फेरिस्तात अलीकडे एका नव्या प्रकरणाची नोंद झाली असून, त्यातील वादी आणि प्रतिवादी हे दोघेही आमच्याच वाड्याच्या माडीवर बसतात. वादी म्हणजे माझा भाचा, आणि प्रतिवादी म्हणजे साखर पेठेतल्या एका यंत्रमाग कारखानदाराचा मुलगा, त्याचा बालमित्र. दोघेही पुण्यास हिंजवडीच्या दोन निरनिराळ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर लिहिण्याच्या कामावर असून, करोनाच्या साथीत त्या कंपन्यांची दप्तरे नोकरांच्या घरोघर पांगली तेव्हापासून महिन्याकाठी मोजके दिवस हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन हजिरी लावावी आणि बाकीचे दिवस माझ्या वीजबिलावर काम करावे, अशी त्यांनी आपल्या चाकरीची वाटणी केली आहे. वादाचा मुद्दा असा की, जो प्रोग्रॅम लिहावयाचा तो बरोबर चालतो की नाही हे पाहणारी चाचणी त्या प्रोग्रॅमच्या आधी लिहावी, की तो लिहून झाल्यानंतर? भाचा ‘आधी’चा आग्रही, मित्र ‘नंतर’चा, आणि दोघांच्याही आवाजाची पट्टी अशी की, शेजारच्या वाड्यातील वृद्ध मंडळींचीही या विषयावर आता निश्चित मते झालेली आहेत.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मनुष्य. कोड म्हटला की मला 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता तेवढी आठवते, आणि तीही तिच्या सर्व दुरुस्त्यांसकट. तथापि तपासणी या विषयात मला थोडाफार अधिकार आहे असे मी नम्रपणे समजतो, कारण माझ्या हयातीचा बराच भाग कनिष्ठांचे दप्तर तपासण्यात आणि वरिष्ठांकडून आपले दप्तर तपासून घेण्यात गेलेला आहे. दप्तरतपासणीची तारीख आगाऊ कळली असता आदल्या रात्री किती रजिस्टरांवरची शाई सुकावयाची राहते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ या शब्दांतला भेद पुस्तकावरून शिकावा लागत नाही.

चाचणी म्हटल्यावर कोणी इसम यंत्रासमोर बसून बटणे दाबून पाहतो आहे असे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि तसे इसम कंपन्यांतून नेमलेलेही असतात. परंतु हे दोघे जिच्यावरून भांडतात ती चाचणी निराळी. ती स्वतःच एक चिमुकला प्रोग्रॅम असते. भाचा सध्या कोणा परदेशी पेढीसाठी कर्जावरील व्याजाचा हिशेब लिहीत आहे. तर अमुक मुद्दल, अमुक दर आणि अमुक दिवस दिले असता उत्तर अमुकच आले पाहिजे, कर्ज घेतल्या दिवशीच फेडले तर व्याज शून्य झाले पाहिजे, मुदतीत 29 फेब्रुवारी पडली तर तोही दिवस मोजला गेला पाहिजे, आणि मुद्दलाच्या रकान्यात कोणी आपल्या तीर्थरूपांचे नाव टंकले तर यंत्राने बेशुद्ध न पडता सभ्यपणे नकार दिला पाहिजे, अशा शेकडो कलमांचा एक जाबताच हे लोक तयार करतात. एक बटण दाबले की सारी कलमे क्षणार्धात तपासली जातात. जमले तेथे हिरवी खूण, फसले तेथे लाल. पुढे सहा महिन्यांनी कोणी त्या हिशेबात हात घालून एखादे जुने कलम मोडले तर लाल खूण ताबडतोब चहाडी करते. मनुष्य तपासनीस कंटाळतो, रजेवर जातो, क्वचित चहाने वशही होतो. या तपासनिसाला यांपैकी कोणतीच विद्या येत नाही. एवढ्यापुरते दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

मतभेद आहे तो मुहूर्ताविषयी. माझ्या भाच्याचा विधी असा की, हिशेबाची एक ओळही कागदावर नसताना तो प्रथम चाचणी लिहितो, ती चालवतो, आणि अर्थातच ती नापास होते, कारण जिची परीक्षा घ्यावयाची ती वस्तूच अद्याप जन्मास आलेली नसते. पडद्यावर लाल खूण उमटताच त्याच्या मुखावर जे समाधान पसरते ते त्याच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीही मला दिसले नव्हते. त्यानंतर ती चाचणी पास होण्यास पुरेल एवढाच, त्याहून अक्षरभरही अधिक नाही, असा प्रोग्रॅम तो लिहितो. हिरवी खूण दिसली की लिहिलेल्याची झाडझूड करतो. आणि लगेच पुढची चाचणी लिहून पुन्हा स्वेच्छेने नापास होतो. लाल खूण आधी पाहिल्यावाचून हिरव्या खुणेवर विश्वास ठेवणे हा त्याच्या मते भाबडेपणा आहे. जी कधी नापासच करीत नाही ती परीक्षा नव्हे, तो सत्कारसमारंभ. ‘मामा,’ तो मला सांगतो, ‘टेस्ट आधी लिहिली की नेमकं काय करायचंय ते आधी मलाच कळतं.’ हे मला मान्य आहे. माझ्या नोकरीत काय करावयाचे हे काम संपेपर्यंत न कळण्याची सोय होती, आणि तिच्यावरच कित्येकांच्या बढत्या झाल्या.

या पंथाचे आचार्य केंट बेक नावाचे अमेरिकन गृहस्थ. त्यांचा या विषयावरील ग्रंथ 2002 साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून ‘टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट’ची ‘टीडीडी’ ही तीन अक्षरे नोकरीच्या मुलाखतींत गायत्रीमंत्राच्या श्रद्धेने, आणि बहुधा गायत्रीमंत्राइतक्याच आचरणाने, उच्चारली जाऊ लागली. आचार्यांचा प्रामाणिकपणा असा की, ही युक्ती आपण शोधून काढलेली नसून पुन्हा शोधून काढली, असे ते स्वतःच सांगतात: प्रोग्रॅमिंगवरील एका जुनाट पुस्तकात त्यांनी वाचले होते की, यंत्राला द्यावयाची फीत हाती घ्यावी, यंत्रातून जी फीत बाहेर पडावी अशी अपेक्षा आहे ती स्वहस्ते आधीच टंकून ठेवावी, आणि बाहेर पडणारी फीत तिच्याशी जुळेपर्यंत प्रोग्रॅम लिहीत राहावे. 1960 नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेचे आद्य अंतराळवीर ज्या मर्क्युरी योजनेतून वर गेले, तिचे प्रोग्रॅम लिहिणारेही अर्ध्या अर्ध्या दिवसाचे काम तोडून घेऊन प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याच्या चाचण्या लिहीत असत, अशी नोंद आहे. अग्निबाणाच्या टोकावर जिवंत मनुष्य बसलेला असला म्हणजे ‘ते नंतर बघू’ हे शब्द सहसा तोंडातून निघत नसावेत.

प्रतिवादीची कैफियत याहून मोकळ्या भाषेत आहे. ‘काका, बाजारात तुरी, अन् हा इथं मापं लावून बसलाय,’ असे मला सांगून तो भाच्याकडे वळतो. ‘अजून काय करायचंय तेच ठरेना, तू टेस्ट कशाची लिहूलालास बे?’ त्याचे म्हणणे असे की, गिऱ्हाइकाला काय हवे आहे हे सोमवारी खुद्द गिऱ्हाइकालाही ठाऊक नसते, बुधवारी ते त्याला ठाऊक होते आणि गुरुवारी ते बदलते. तेव्हा सोमवारच्या चाचण्या गुरुवारी रद्दबातल करण्यात जो काळ जातो तेवढ्यात आणखी एक प्रोग्रॅम लिहून झाला असता. शिवाय पडद्यावरची मांडणी डोळ्यांस सुखावते की नाही, याची लाल-हिरवी खूण आधी ठरवता येत नाही. आधी घडवावे, पाहावे, पुसावे, पुन्हा घडवावे, आणि वस्तू स्थिरस्थावर झाली म्हणजे तिच्याभोवती चाचण्यांचे कुंपण घालावे. कैफियत विचार करण्यासारखी आहे. तिच्यात वैगुण्य एवढेच की, वस्तू स्थिरस्थावर होणे आणि मुदत संपणे या दोन्ही घटना नेमक्या एकाच सायंकाळी घडतात, आणि मग कुंपणाचे काम ‘पुढच्या रिलीजला’ जाते. तो रिलीज आणि सरकारी पत्रातला ‘यथावकाश’ हे एकाच कुळातले भाऊबंद असावेत असा माझा दाट संशय आहे.

एकदा तो अशा नंतरच्या चाचण्या लिहीत असता मी त्याच्या पाठीशी उभा होतो. त्याने हिशेब चालवला, उत्तर 412 रुपये आले, आणि त्याने चाचणीत लिहिले: अपेक्षित उत्तर 412. मी विचारले, ‘412 च का?’ त्याने वर न पाहता सांगितले, ‘काका, 412 च येतंय की.’ चाचणी चालवली; हिरवी खूण आली. इतके निर्भेळ महसुली उत्तर निवृत्तीनंतर प्रथमच कानी पडत असल्यामुळे मला क्षणभर भरून आले, आणि आमच्या पैसेवारीची आठवण झाली.

ज्यांचा शेताशी संबंध भाजीपुरताच आहे अशा वाचकांसाठी येथे पैसेवारीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. गावात पीक कसे काय आले हे रुपयातल्या पैशांत सांगण्याची ती सरकारी रीत. पीक 50 पैशांहून कमी ठरले तर गाव टंचाईचे गणले जाते, आणि जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा फीची माफी असा काही दिलासा मिळतो. अधिक ठरले तर मिळत नाही. प्रथम उभ्या पिकावर नजर टाकून नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि शेतात ठराविक मापाचा तुकडा आखून, कापून, मळून, तोलून झाल्यावर अंतिम पैसेवारी, असा तिचा क्रम असून शास्त्रदृष्ट्या त्यात बोट ठेवावयास जागा नाही. परंतु मी ज्या एका तालुक्यात होतो, आणि ज्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, तेथे वजनकाटा गावात पोहोचण्यापूर्वी आकडा पोहोचलेला असे. वरून कडक हवा वाहत असली तर 52, आणि पुढारी मंडळी त्या वर्षी कनवाळू झालेली असली तर 48; मग त्या आकड्यास शोभेल असा शेताचा तुकडा हुडकून काढणे एवढेच शास्त्रीय काम शिल्लक उरे. तपासणी यथासांग होई, पंचांच्या सह्या होत, आकड्यांची रुजवात तंतोतंत जमे. काम झाल्यावर केलेल्या तपासणीतील खरा धोका हा आहे: जे घडले तेच अपेक्षित होते, असा दाखला ती अतिशय सुवाच्य अक्षरात देऊ शकते.

आता याच्या उलट बाजूसही न्याय दिला पाहिजे, कारण आधी चाचणी घेण्याची पद्धतीही या जिल्ह्याने हिंजवडीच्या पुष्कळ आधी पाहिलेली आहे, आणि ती काही आनंदाने पाहिलेली नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. 1880 साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळसंहिता तयार झाल्या. पाऊस फसला, धान्य कडाडले, लोक गुरेढोरे विकून गाव सोडू लागले, तरी या संहितांप्रमाणे सरकारने एकदम दुष्काळ जाहीर करावयाचा नसे. आधी चाचणीची कामे काढावयाची. खडी फोडणे, माती वाहणे असले अंगमेहनतीचे काम पुऱ्या मापाने करून घ्यावयाचे आणि मजुरी जेमतेम जीव जगेल एवढीच द्यावयाची. इतक्यावरही लोक कामावर लोटले तर दुष्काळ खरा, न लोटले तर ओरड खोटी. लाल खूण डोळ्यांनी पाहिल्यावाचून मदतीची पहिली ओळही लिहावयाची नाही, हे माझ्या भाच्याचे तत्त्व त्या अंमलदारांनी त्याच्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळले. फक्त जे वृद्ध, आजारी आणि लेकुरवाळे लोक कामाच्या जागेपर्यंत चालत जाऊच शकत नव्हते, ते परीक्षेस बसले नाहीत, आणि त्यांची भूक कामाच्या हजेरीपटावर कोठेच उमटली नाही. हे मी भाच्यास सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मामा, टेस्टमध्ये ती केसच घेतली नव्हती.’ त्या काळावर पुष्कळ विद्वानांनी पुष्कळ पाने लिहिली आहेत. याहून कमी शब्दांत निकालपत्र मी वाचलेले नाही.

दोन्ही पक्षांची सुनावणी अशी पुरी झाल्यावर मी जाणत्याचा अभिप्राय घ्यावा म्हणून प्रतिवादीच्या वडिलांकडे गेलो. हे गृहस्थ चादरी विणतात. सोलापुरी चादरीचे मूळ लक्षण तिच्या नक्षीत आहे, आणि नक्षीचे बीज मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जकार्डात. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढतात, मग त्या चौकटींबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात, आणि ती कार्डे दोऱ्याने एकमेकांस जोडून त्यांची अखंड माळ वर चढवतात. भोक असेल तेथे ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो, आणि मधून धोटा आडवा पळतो. अशी शेकडो कार्डे ओळीने फिरली म्हणजे एका बाजूस लालावर पांढरा आणि उलट बाजूस पांढऱ्यावर लाल, असा एकच मोर दोनदा उभा राहतो. कारखान्यात आवाज इतका की, तेथे वाद घालणे मुळातच अशक्य आहे. साखर पेठेतील मंडळींच्या दीर्घायुष्याचे हे एक कारण असू शकेल.

हे जकार्ड ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच विणकऱ्याने ल्याँ शहरी ते 1804 च्या सुमारास सिद्ध केले. त्याचेच एक चित्र पुढे 1839 साली रेशमात विणले गेले, तेव्हा त्यासाठी 24,000 कार्डे लागली होती. त्या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने मोठ्या हौसेने संग्रही ठेवली होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा द्यावयाच्या त्या अशाच भोकांच्या कार्डांनी द्याव्यात, ही कल्पना त्याने मागावरूनच उचलली. यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. मुदत आणि खर्च या दोन्ही बाबतींत ते वेळापत्रकाच्या पुष्कळ पुढे निघून गेले होते, यावरूनही त्याला संगणकाचा पूर्वज मानण्यास हरकत नसावी. सारांश, माझ्या माडीवर बसून जे कारभार चालले आहेत त्यांचा वंशवृक्ष काढला तर एक फांदी प्रतिवादीच्या वडिलांच्या मागापाशी येते, आणि मुलगा हे मान्य करावयास तयार नाही. त्याने विणकाम नको म्हणूनच इंजिनियरिंग घेतले होते.

कार्डात एक भोक चुकले तर काय होते, असे मी विचारले. मोराचा डोळा फुटतो, असे उत्तर आले. आणि तो एकदा फुटून राहत नाही, तर त्या माळेवर विणलेल्या प्रत्येक चादरीत त्याच ठिकाणी निष्ठापूर्वक फुटत राहतो. तेव्हा मी मूळ मुद्द्यावर आलो. तपासणी आधी करता की विणून झाल्यावर? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी तो पुन्हा विचारला, आणि आपला मुलगा व माझा भाचा यांच्यातील दावा काय आहे तेही सांगितले.

‘भाऊसाहेब,’ ते म्हणाले, ‘आधी काय अन् नंतर काय? कार्डं चढवली की हातभर विणायचं, उलटं करून बघायचं. डोळा फुटलाय? माग थांबवायचा, चुकलेल्या भोकावर कागद चिकटवायचा, पुन्हा हातभर विणायचं. गेलं तर हातभर सूत जातं. आमचं पोरगं म्हणतंय सगळं विणू अन् मग बघू. तुमचं म्हणतंय विणायच्या आधीच बघू. दोघांना बी एक महिना मागावर बसवा, भांडायला वेळच मिळायचा नाही.’

याच निकालापर्यंत पोहोचण्यास विद्वज्जगताला बराच काळ लागला. 2014 साली ‘रुबी ऑन रेल्स’ या प्रोग्रॅमिंगच्या साधनाचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी टीडीडी मृत झाल्याचे जाहीर केले, त्यावर खुद्द बेक, लेखक मार्टिन फाउलर आणि हॅन्सन यांनी जाहीर संभाषणांची एक मालिकाच केली, आणि मृताचे पितृत्व ज्यांच्याकडे होते तेच तेथे हजर असल्यामुळे अंत्यविधी काही पार पडू शकला नाही. त्याआधी 2008 साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएममधील चार तुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आधी चाचणी लिहिणाऱ्यांच्या कामात दोषांचे प्रमाण तशाच इतर कामांहून 40 ते 90 टक्क्यांनी कमी आढळले, आणि आरंभीचा वेळ मात्र, व्यवस्थापकांच्या अंदाजाने, 15 ते 35 टक्क्यांनी अधिक लागला. भाच्याने हा आकडा छापून भिंतीवर लावला. मित्राने त्यातील दुसऱ्याच आकड्याखाली लाल रेघ ओढली. परंतु 2017 साली छापून आलेल्या एका अभ्यासाने दोघांचीही पंचाईत केली. व्यावसायिक प्रोग्रॅमर काम कसे करतात हे बारकाईने पाहून त्या संशोधकांनी असे म्हटले की, चाचणी आधी की नंतर या क्रमाने गुणवत्तेत किंवा कामाच्या उरकात लक्षात येण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो तुकडे लहान आणि सारखे ठेवण्याने. म्हणजे हातभर विणण्याने. हा निष्कर्ष मी साखर पेठेत कळवला तेव्हा त्या गृहस्थांनी संशोधकांना किती पगार मिळतो एवढेच विचारले.

तरीही हातभर तपासणीची एक मर्यादा या शहराने उघड्या आकाशाखाली पाहिलेली आहे, आणि तिचा उल्लेख टाळून हा लेख सोलापुरात वाचला जाणार नाही. होटगी रस्त्यावर आमचा विमानतळ आहे, आणि त्याच्या आसमंतात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उत्तुंग चिमणी विमानांच्या मार्गात येते, या मुद्द्यावर वर्षानुवर्षे मोर्चे, उपोषणे आणि कोर्टकज्जे झाले; न्याय्य बाजू कोणाची, हा प्रश्न न्यायालयांनी आणि वर्तमानपत्रांनी यथेच्छ हाताळलेला असल्यामुळे मी त्यात शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की, चिमणी म्हणून चिमणी निर्दोष होती, धूर वर नेत होती. धावपट्टी म्हणून धावपट्टी निर्दोष होती, सरळ होती. प्रत्येकीची स्वतंत्र परीक्षा घेतली तर दोघींपुढेही हिरवीच खूण उमटली असती. दोघींना एकत्र उभे करून ‘आता विमान उडवून पाहा’ असा प्रश्न वेळेवर कोणी लिहून ठेवला नव्हता. अखेर 15 जून 2023 रोजी ती चिमणी पाडण्यात आली. 2024 च्या सप्टेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 2025 च्या जूनमध्ये गोव्याची विमाने सुरू झाली. युरोपातील शास्त्रज्ञांना हाच धडा 4 जून 1996 रोजी याहून लवकर, म्हणजे चाळीस सेकंदांच्या आत मिळाला होता: ‘आरियान-4’ या अग्निबाणात वर्षानुवर्षे सुखाने चाललेला प्रोग्रॅम ‘आरियान-5’मध्ये जसाच्या तसा बसवला, नव्या बाणाचा वेग त्याच्या आकड्यांच्या रकान्यात मावला नाही, आणि बाण आकाशात फुटला. तेथे निदान उपोषण कोणाला करावे लागले नाही.

माडीवर सध्या तह आहे. व्याजाच्या हिशेबाच्या चाचण्या आधी, पडद्याच्या रंगरूपाच्या नंतर, तास उलटून गेला आणि काहीच तपासले नाही असे कोणीही होऊ द्यावयाचे नाही, आणि आठवड्यातून एकदा दोघांचे काम एकत्र जोडून पाहावयाचे, अशी चार कलमे ठरली असून, माझ्या साक्षीने दोघांनी सह्या केल्या आहेत. माझे स्वतःचे मत विचाराल तर पैशाच्या बाबतीत मी भाच्याच्या बाजूचा आहे. 412 च येते म्हणून 412, या तत्त्वावर चालणाऱ्या पेढीत मी माझे निवृत्तिवेतन ठेवणार नाही. मित्राचा एक मुद्दा मात्र अद्याप कोणाला खोडता आलेला नाही, तो असा की, चाचणी आधी लिहिणारे प्रोग्रॅमर मुलाखतीत जितके भेटतात तितके कामावर भेटत नाहीत.

तेव्हा वाचकांस माझी एवढीच विनंती आहे की, मोबाइलवरच्या एखाद्या ॲपने शुक्रवारी सायंकाळी ‘नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यावयाची का?’ असे विचारले, तर सोमवारी दुपारपर्यंत त्यास होकार देऊ नये. ती आवृत्ती आधीवाल्यांनी लिहिलेली असेल तर तोवर ती पळून जात नाही, आणि नंतरवाल्यांनी लिहिलेली असेल तर तोवर तिची चाचणी इतर गिऱ्हाइकांनी पुरी केलेली असेल.